नवा सांधा आणि ‘एकच’ सिगारेट

भुसार मालाची आडत असलेले एक घर कल्पावे. बार्शी, लातूर, नगर अशा एखाद्या पेठेतले. खाली गादी, मागे वखार, माडीवर बिऱ्हाड. गादीवर बसणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे. घरातले आणि बाजारातले सारेच त्यांना अण्णा म्हणतात. उंची पाच फूट पाच इंच, वजन १२४ किलो. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. झोपेत श्वास अडकून रात्रीतून अनेकदा जाग येते आणि गुडघे वखारीच्या चार पायऱ्याही चढू देत नाहीत. अखेर थोरला मुलगा आणि सून यांच्या आग्रहावरून अण्णा पुण्यास जाऊन वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून आले. डॉक्टरांनी सूचना पुष्कळ दिल्या होत्या, पण अट एकच निक्षून घातली होती: धूम्रपान पूर्ण बंद. पंचवीस वर्षांची सवय अण्णांनी त्या अटीपोटी सोडली. वर्षभरात चाळीस किलो वजन उतरले, इन्सुलिन सुटले, जुने सदरे आटवण्यासाठी शिंप्याकडे गेले. अण्णांच्या वृद्ध मातोश्रींनी तर पेढे वाटले.

पुढच्या दिवाळीत, वहीपूजनापूर्वी हिशेब मिटवण्याच्या धांदलीत, दुपारचा चहा झाला की अण्णा ‘जरा वखारीत नजर टाकून येतो’ म्हणून उठू लागले. वखारीमागे एकच सिगारेट. घरात कोणाला ठाऊक नाही, निदान अण्णांची तशी समजूत.

हे घर कल्पित आहे. त्यात घडणारी गोष्ट मात्र नेहमीची आहे. अमेरिकेत २००६ ते २००९ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पुढे सात वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी बायपास झालेल्यांच्या धूम्रपानाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या वर्षभर आधी सुमारे १४ टक्के रुग्ण धूम्रपान करीत होते. शस्त्रक्रियेच्या सुमारास हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत खाली आले. एका वर्षानंतर ते जवळजवळ १० टक्के झाले आणि सात वर्षांनी पुन्हा १४ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे डॉक्टरांच्या धाकाने सोडलेली सवय बऱ्याच जणांच्या बाबतीत काही काळ बाजूला ठेवलेली होती, इतकेच. आणि ती परत येते तेव्हा शरीर पूर्वीचे राहिलेले नसते. धोका समजून घ्यायचा तर प्रथम हे बदललेले शरीर समजून घेतले पाहिजे.

पोटात नेमके काय बदलते

बायपास या शस्त्रक्रियेचा उगम गमतीशीर आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात असे आले, की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचे वजन पुढे वाढत नाही. या निरीक्षणावरून त्यांनी व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये स्थूल रुग्णांवर बायपासची शस्त्रक्रिया केली. आतडे जोडण्याची आज रूढ असलेली इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची पद्धत स्वित्झर्लंडमधील सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. १९९० च्या दशकात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली आणि जगभर पसरली.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाचा एक लहानसा कप्पा उरलेल्या जठरापासून वेगळा केला जातो. ज्या जठरात पूर्वी लिटरभर अन्नपाणी सहज मावत असे, त्याच्या जागी आता जेमतेम ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा कप्पा उरतो. लहान आतडे कापून त्याचे एक टोक वर आणून या कप्प्याला जोडले जाते. अन्न कप्प्यातून थेट आतड्यात उतरते. उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग यांना वळसा घातला जातो.

कप्पा आणि आतडे जेथे जोडलेले असतात, तो सांधा या साऱ्या कथेतील सर्वांत नाजूक जागा होय. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसण्याची सवय असते; त्यावर चिकट द्रवाचे जाड संरक्षण असते. आतड्याच्या त्या भागाला असे चिलखत नाही. निसर्गाच्या मूळ रचनेत आम्ल तेथवर पोहोचण्यापूर्वी पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळून त्याची धार कमी करतात. बायपासनंतर हे रस पुढे, खालच्या जोडापाशी येऊन मिळतात. त्यामुळे कप्प्यातून येणारे आम्ल, थोडे का होईना, उघड्या आतड्यावर पडते. या जागी होणाऱ्या जखमेला सांध्यावरचा अल्सर म्हणता येईल. ही अडचण स्थूलतेच्या शस्त्रक्रियेहूनही जुनी आहे. जठराला आतडे जोडण्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नात वोल्फलर यांनी १८८१ मध्ये केली आणि अशा सांध्यावरील अल्सरची नोंद ब्राउन यांनी १८९९ मध्येच केली.

बायपासनंतर असा अल्सर होण्याचे प्रमाण निरनिराळ्या रुग्णालयांच्या नोंदींत एक टक्क्याहून कमी ते सुमारे सोळा टक्के इतके वेगवेगळे आढळते. प्रत्येकाला तो होत नाही. पण ज्यांना होतो, त्यांच्यात काही कारणे वारंवार दिसतात: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू, आवश्यकतेहून मोठा राहिलेला कप्पा, आणि या यादीत जवळजवळ सर्वत्र अग्रभागी असलेले धूम्रपान.

धूर पोटापर्यंत कसा पोहोचतो

सिगारेटचा धूर फुप्फुसात जातो, मग त्याचा पोटाशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर रक्तात आहे. कोणतीही शिवण भरून येण्यासाठी तिच्यापर्यंत रक्त पोहोचावे लागते आणि त्या रक्तात प्राणवायू असावा लागतो. सिगारेट या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी घाला घालते. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सांध्यापर्यंत येणारा रक्ताचा ओघ घटतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे जे रक्त पोहोचते त्यातही प्राणवायू कमी असतो. शिवाय अस्तराचे रक्षण करणारे काही स्राव धूम्रपानाने घटतात.

माल उचलणाऱ्या गाड्या निम्म्या कराव्यात आणि ज्या उरल्या त्याही अर्ध्या रिकाम्या धाडाव्यात, तसा हा प्रकार आहे. मोठी वखार असती तर काही दिवस निभले असते. येथे साठा असा नसतोच. पूर्वीच्या शरीराला जी सिगारेट सहन होत होती, ती आता त्याच प्रमाणात सहन होईल हा हिशेबच चुकतो. कारण हिशेबाची पाटी बदललेली असते.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी धूम्रपान किमान सहा आठवडे बंद असावे आणि शक्य तर वर्षभर आधीच सुटावे, असे तज्ज्ञ संस्थांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच सूचनांतील पुढचा भाग मात्र रुग्ण सहसा विसरतात: शस्त्रक्रियेनंतर ते कायमचे बंद असावे. सहा आठवड्यांची अट ही शस्त्रक्रियेच्या खोलीत प्रवेश मिळवण्याची परवानगी नव्हे. जखम बाहेरून पंधरवड्यात सुकली तरी आतला सांधा आयुष्यभर तेथेच असतो, आणि अल्सर पहिल्या काही महिन्यांत होऊ शकतो तसा कित्येक वर्षांनीही होऊ शकतो.

‘पित्त झाले असेल’

अण्णांच्या घरी परत यावे. माघ महिन्यात अण्णांच्या छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ सुरू झाली. जेवणानंतर ती वाढे. दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटे, कधी मळमळ होई. सुनेने विचारले, “अण्णा, ताट अर्धे का ठेवता अलीकडे?” अण्णा म्हणाले, “काही नाही ग, पित्त झालंय जरा. उन्हातान्हात फिरणं झालं.” कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पित्ताची गोळी आली. आठ दिवस बरे वाटले. याच सुमारास गुडघा ठणकत होता म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याने दिलेली वेदनाशामक गोळीही अण्णा अधूनमधून घेत होते.

मग शौचाचा रंग काळा दिसू लागला. अण्णांनी मनाशी उत्तर तयार ठेवले होते: बायपासनंतर लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांनी रंग बदलतो, हे रुग्णालयात सांगितले होते. ते खरेच होते. पण अल्सरमधून झिरपणारे रक्त आतड्यातून जाताना असेच काळे होते. ते डांबरासारखे चिकट असते आणि त्याला तीव्र दुर्गंधी येते. लोहाची गोळी की रक्तस्राव, याचा निवाडा घरी बसून करण्याचा नसतो. बायपासनंतर अन्नातील लोहाचे शोषण आधीच घटलेले असते. त्यात रोज थोडे थोडे रक्त गेले तर पंडुरोग चोरपावलांनी वाढतो. दम लागणे, चक्कर, चेहरा फिकट पडणे याला ‘वजन उतरल्याचा अशक्तपणा’ असे नाव मिळते आणि आणखी महिना निघून जातो.

अशा वेळी लक्षात ठेवावयाच्या खुणा मोजक्या आहेत. पोटाच्या वरच्या भागात सतत दुखणे वा जळजळ, वारंवार उलटी, घास खाली न उतरणे, काळे शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा अंश यांपैकी काहीही दिसल्यास ज्या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केली त्याच्याशी त्वरित संपर्क साधावा. संपूर्ण पोटात अचानक असह्य कळ उठून पोट लाकडासारखे कडक झाले, तर अल्सर फुटून आतड्याला छिद्र पडले असण्याची शक्यता असते. तेथे सकाळपर्यंत वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे लागते.

बायपास नाही, स्लीव्ह आहे, मग?

आज जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया बायपास नसून स्लीव्ह ही आहे. तिच्यात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा अधिक काढून टाकून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवली जाते. जठराला आतडे जोडलेले नसल्याने वर सांगितलेला सांधा तेथे नसतो. त्यामुळे ‘आम्हाला तो धोका नाही’ असे समाधान काही जण करून घेतात.

पण स्लीव्हमध्ये जठराच्या उंचीएवढी लांब शिवण असते आणि तिचे वरचे टोक, अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेजवळचे, पहिल्या काही आठवड्यांत गळण्याची भीती असते. शिवण भरून येण्यास रक्त आणि प्राणवायू येथेही तेवढाच लागतो. पुढे जाऊन स्लीव्ह झालेल्या अनेकांना आम्ल वर येण्याचा त्रास होतो. धूम्रपानाने अन्ननलिकेच्या खालच्या झडपेची पकड सैल होते आणि हा त्रास अधिक बळावतो.

दोन्ही शस्त्रक्रियांना समान असे धोकेही आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण मानले जाते, आणि धूम्रपान रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. न्यूमोनिया आणि जखमेतील पू यांचे प्रमाणही धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळते. दीर्घकाळाचा विचार केला तर हाडे ठिसूळ होण्याचा धोका आहे. विशेषतः बायपासनंतर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी शोषले जाते. तंबाखूही हाडांचे तेच नुकसान करतो. एका ओझ्यावर दुसरे ओझे चढते.

सिगारेट नको म्हणून हुक्का, गुटखा, मावा किंवा मशेरी यांकडे वळणाऱ्यांनीही सावध असावे. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखू पाहणीत १०.७ टक्के लोक धूम्रपान करणारे, तर २१.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. म्हणजे आपल्याकडे तोंडात ठेवण्याचा तंबाखू दुपटीने अधिक आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड नसला तरी निकोटीन असतेच, आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात त्या निकोटीनमुळे. इ-सिगारेटमध्येही सहसा निकोटीन असते. तिची विक्री तर भारतात २०१९ पासून कायद्याने बंद आहे.

सुटलेली सवय परत का येते

कारणे शोधू गेल्यास रुग्णाला दोष देण्याची घाई होत नाही. ज्या माणसाचा ताण आजवर ताटावर उतरत होता, त्याचे ताट आता चार घासांचे झालेले असते. बाजारभाव पडला, उधारी अडकली, घरात वाद झाला, तरी पूर्वीप्रमाणे फरसाण आणि मिठाई यांच्याकडे वळता येत नाही. हात रिकामा राहतो आणि जुना मित्र आठवतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. निकोटीनमुळे भूक मंदावते, हे धूम्रपान करणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. दीड-दोन वर्षांनी वजन उतरणे थांबते, काट्यावर एखादा किलो वाढलेला दिसतो, आणि ‘निदान सिगारेटने वजन तरी आवरेल’ असा विचार मनात येतो. या भीतीत तथ्य अगदीच नाही असे नव्हे. धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढते, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. परंतु चाळीस किलो उतरवून बसलेल्या माणसाने चार किलोंच्या भीतीने आपला सांधा गहाण टाकावा का, हा प्रश्न कोणत्याही व्यापाऱ्याला समजेल असा आहे. वाढलेले चार किलो आहारतज्ज्ञाच्या मदतीने आणि चालण्याने पुन्हा आवरता येतात. फुटलेल्या अल्सरची भरपाई एवढी स्वस्त नसते.

वर्षांचा जमाखर्च

येथे दोन मोठ्या अभ्यासांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्थूल रुग्णांच्या प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान, शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक आढळले. दुसरा अभ्यास ब्रिटिश डॉक्टरांचा. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये तो सुरू केला आणि त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य, कधीच न करणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी भरले. त्याच अभ्यासाने आशेची बाजूही दाखवली: तिशीत सिगारेट सोडल्यास जवळजवळ सारी दहा वर्षे परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीतही तीन.

हे दोन देशांतले, दोन निरनिराळ्या काळांतले अभ्यास आहेत. एकातून दुसरा सरळ वजा करणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही आकड्यांचा आकार बोलका आहे. शस्त्रक्रियेने जमेला आलेली तीन वर्षे एका बाजूला आणि तंबाखूने खर्ची पडणारी दहा वर्षे दुसऱ्या बाजूला. लाखो रुपये आणि शरीराची चिरफाड सोसून मिळवलेली जमा वखारीमागच्या आडोशाला रोज थोडी थोडी उडवली जाते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर विम्याचीही एक गोष्ट नोंदवावी. आरोग्य विम्यातील वगळलेल्या बाबींचे शब्द विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केले. त्यांनुसार स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च काही अटी पूर्ण झाल्या तरच विचारात घेतला जातो. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व वैद्यकीय निकषांनुसार झालेली असावी, रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा, आणि उंची-वजनाचा निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार असल्यास तो ३५ असला तरी चालतो. प्रत्येक पॉलिसीच्या अटी मुळातून वाचाव्यात. प्रस्तावपत्रात तंबाखूविषयी प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरे लिहावे. तेथे लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी, म्हणजे घर संकटात असतानाच, उघडी पडते.

दवाखान्यातली ती पाच मिनिटे

फाल्गुनात एका सकाळी अण्णांना गादीवरच भोवळ आली. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन सात निघाले. पुण्यास नेल्यावर दुर्बिणीतून तपासणी झाली आणि सांध्यावरचा अल्सर दिसला. रक्त चढवले गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खोलीत आले तेव्हा अण्णांच्या पलंगाशेजारी मातोश्री बसल्या होत्या. पलीकडे पत्नी, मुलगा आणि सून. डॉक्टरांनी विचारले, “सिगारेट, तंबाखू, काही चालू आहे का?”

अण्णांनी मातोश्रींकडे पाहिले. “छे. ते तर शस्त्रक्रियेपूर्वीच सोडलं.”

सुनेला सारे ठाऊक होते. सदऱ्याच्या खिशातली काडेपेटी तिनेच धुण्याआधी दोनदा बाहेर काढून ठेवली होती. ती तेथे काही बोलली नाही. उठून म्हणाली, “आजी, आई, चला, आपण बाहेर बसू या. डॉक्टरांना अण्णांशी निवांत बोलू द्या.” नवऱ्यालाही तिने नजरेने उठवले. दार लागले. पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी औषधांची यादी बदलली. अण्णांनी खरे सांगितले होते: दिवसाला चार-पाच.

त्या पाच मिनिटांचे मोल फार आहे. अल्सरचे औषध आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. बायपास झालेल्यांना काही डॉक्टर त्या कॅप्सूल उघडून घेण्यास सांगतात, कारण छोट्या कप्प्यात अखंड कॅप्सूल विरघळण्यास पुरेसा वेळ मिळत नाही. अस्तरावर लेप देणारे पातळ औषध देतात. पण धूम्रपान चालू असेल तर हीच औषधे हतबल ठरतात. अल्सर भरत नाही, किंवा भरून पुन्हा होतो. क्वचित सांधा काढून नवा करण्यापर्यंत वेळ येते, आणि सवय तशीच राहिली तर नव्या सांध्यावरही तोच अल्सर होऊ शकतो. डॉक्टरांना कारण ठाऊक नसले तर ते दुसऱ्याच कारणाच्या शोधात तपासण्यांमागून तपासण्या करीत राहतात. काही रुग्णालये रक्तात वा लघवीत कोटिनिन पाहतात. निकोटीनपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ काही दिवस सापडू शकतो. पण मोजून सापडण्याआधी माणसाने सांगणे केव्हाही बरे.

ज्या घरांत व्यसनाचे नावही उंबऱ्याच्या आत काढले जात नाही, तेथे हे सांगणे सर्वांत कठीण असते. संस्कारांचा धाक अनेकांना व्यसनापासून दूर ठेवतो, हे खरेच. परंतु जो एकदा घसरला, त्याच्यासाठी तोच धाक कुलूप होऊन बसतो. तो सिगारेट सोडत नाही, फक्त जागा बदलतो: वखारीमागे, गच्चीवर, परगावच्या मुक्कामात. घरच्यांनी रागवावे की नाही, हा प्रश्न नंतरचा. डॉक्टरांसमोर खरे बोलण्याची जागा आणि सवड त्याला मिळते आहे का, हा पहिला.

सोडण्यासाठी आज मदतही आहे. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची विनाशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर समुपदेशन देते. सवय सोडवण्यास साहाय्य करणारी औषधेही आहेत. मात्र शस्त्रक्रियेनंतर काही गोळ्यांचे शोषण बदलते, आणि निकोटीनच्या च्युइंगममध्येही निकोटीनच असते; तेव्हा यांतील काहीही आपल्या शल्यचिकित्सकास विचारूनच घ्यावे. गुडघेदुखी, डोकेदुखी यांसाठीची गोळीही त्यांनाच विचारून ठरवावी. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने बंदही करू नये. एखादे दिवशी सिगारेट ओढली गेलीच, तर ‘आता काय, मोडलेच’ असे म्हणून पाकीट संपवू नये. पुढच्याच भेटीत ते सांगावे. आणि शस्त्रक्रिया अजून व्हावयाची असेल तर सोडण्याची तारीख शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच ठरवावी, जमल्यास एक वर्ष आधी.

अण्णांचा अल्सर भरून येण्यास उन्हाळा लागला. जूनमध्ये पुन्हा दुर्बिणीतून पाहिले तेव्हा सांध्यावर गुलाबी, निरोगी अस्तर दिसले. दुपारचा चहा झाला की अण्णा आजही उठतात, पण आता नातवाला बरोबर घेऊन बाजार समितीच्या फाटकापर्यंत चालत जातात. कधी तलफ फार आली तर ते सुनेला तसे सांगतात. ती लवंग हातावर ठेवते, आणि दोघेही त्याविषयी आणखी काही बोलत नाहीत.